बिराजदारांचा टेम्पोवाला

मला बिराजदारांचा मत्सर वाटतो, हे मी मरेपर्यंत कबूल करणार नव्हतो. पण गेल्या मे महिन्यात आमच्या हिनं, म्हणजे दुर्गानं, पाण्याच्या टँकरसमोर, अख्खी गल्ली घागरी घेऊन उभी असताना, "अहो, हे जळतात बिराजदारांवर, दुसरं काही नाही," असं खणखणीत आवाजात सांगून टाकलं. त्यामुळे आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. जे झालं ते क्रमानं सांगतो. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाला क्रम सोडून काही सांगताच येत नाही.

आमची गल्ली जुळे सोलापुरात आहे. एका बाजूनं बंद, अकरा घरं, आणि रुंदी इतकी की तीनचाकी टेम्पो उभा राहिला तर त्याच्या बाजूनं मांजर जाईल, पण तेही जेवलेलं नसेल तरच. गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर माझं घर. त्याला दोन फाटकं. एक मोठ्या रस्त्याकडे आणि एक गल्लीत. मोठ्या रस्त्याचं फाटक आम्ही कधी उघडत नाही, कारण त्याच्या आतल्या अंगणात दुर्गाच्या तेवीस कुंड्या आहेत. गल्लीतल्या फाटकासमोर बिराजदारांचं दार.

तिप्पण्णा बिराजदार एसटीत ड्रायव्हर होते. मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे, त्यामुळे बायकोशी आणि देवाशी कन्नडमध्ये बोलतात, बाकी बहुतेकांशी मराठीत. गल्लीतली लहानथोर माणसं त्यांना अण्णा म्हणतात. मला साहेब म्हणतात, पण त्या साहेबात तो ओलावा नाही. माणूस चांगला आहे, हीच खरी अडचण. वाईट शेजाऱ्याला निदान नावं ठेवता येतात. चांगल्याचं नुसतं सोसावं लागतं.

तरीही सगळं ठीक चाललं होतं, कारण माझ्याकडे फळा होता.

आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. नेमकं कधी, ते पाण्यालाही माहीत नसतं. म्हणून मी निवृत्त झाल्यावर कंपाउंडच्या भिंतीवर एक काळा फळा लावला. रोज संबंधितांना फोन करायचा, मिळालेली माहिती ताडून पाहायची आणि सुवाच्य अक्षरात लिहायचं: 'उद्या सकाळी ६.३० ते ८.३० पाणीपुरवठा अपेक्षित.' यातला 'अपेक्षित' हा शब्द फार महत्त्वाचा. नऊ वर्षांत तो शब्द मी एकदाही गाळला नाही. बायका भांडी घासता घासता विचारायच्या, "साहेब, उद्या नक्की ना?" मी म्हणायचो, "अपेक्षित आहे." पाणी बहुतेक वेळा यायचं नाही, पण लोक फळ्यापाशी यायचे, थांबायचे, मला विचारायचे. माणसाला म्हातारपणी याहून जास्त काय लागतं?

मग युवराज आला.

हा युवराज म्हणजे ऑनलाइन मागवलेली पार्सलं पोचवणारा टेम्पोवाला. वय असेल बावीस-तेवीस, राहणारा कुंभारीचा. मालाचा तीनचाकी टेम्पो, मागे 'आईचा आशीर्वाद' आणि त्याखाली 'हवा येऊ द्या' असं लिहिलेलं. दिवसभर तो आमच्या सगळ्या वसाहतींतून फिरायचा, त्यामुळे पाणी सोडणारा चावीवाला कोणत्या कॉलनीत पोचला आहे, हे त्याला आपोआप दिसायचं. ते तो येऊन सांगायचा. कुणाला? फळा ज्याच्या भिंतीवर आहे त्याला? नाही. बिराजदारांना!

"अण्णा, मागल्या कॉलनीत चावी सोडली बगा. अर्ध्या तासात येतंय."

की लगेच बिराजदारांच्या पत्नी शिवबाई ओट्यावरून हाळी देणार, "पाणी येतंय गं!" की अकरा घरांत अकरा मोटारी चालू. आणि पाणी खरोखर अर्ध्या तासात येणार. 'अपेक्षित' वगैरे काही नाही. नुसतं येणार. दिवाळीपर्यंत माझ्याकडे कुणी विचारायला येईनासं झालं. एके दिवशी पाहतो तर फळ्यावर माझ्या अक्षरांवरच कुणीतरी फुली-गोळा खेळून गेलं होतं. फुली जिंकली होती.

आता मी काही इतक्यानं हातात अर्ज घेणारा माणूस नाही. तो प्रसंग फेब्रुवारीच्या शेवटी आला. पेन्शनर संघाची वार्षिक सभा होती आणि आभार प्रदर्शन माझ्याकडे होतं. सहा वर्षं प्रतीक्षेत होतो. इस्त्रीचा सदरा घालून, कागद खिशात ठेवून मी स्कूटर काढली, तर फाटकाबाहेर युवराजचा टेम्पो आडवा. चाक हलवायला जागा नाही. हा गडी आत बसून मोबाइल बघतोय.

मी हॉर्न वाजवला.

"ओ काका, होरन मारून गाडी हलती व्हय? डायवर हितं हाय की."

"मग ड्रायव्हरनं हलवावी. मला सभेला जायचंय."

"दोन मिनिटं."

"मघापासून दोनच मिनिटं चाललीत. लायसन्स दाखव तुझं."

"तुमी आरटीओ हाव व्हय?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "तुमी आत जावा की जरा. डोस्क्यावर उभारून काय बगायलाव?"

माझ्या फाटकात मलाच आत जा म्हणाला! मी तोंड उघडणार, एवढ्यात समोरचं दार उघडलं आणि लुंगी-बनियनवर बिराजदार बाहेर आले. त्यांच्या हातात बाज होती. शिवबाईंना कुरडया वाळत घालायच्या होत्या. बिराजदारांनी बाज भिंतीला टेकवली, टेम्पोच्या मागे जाऊन उभे राहिले, एक हात वर केला आणि म्हणाले, "बा... बा... बा..." आणि टेम्पो गोगलगायीसारखा सरळ रेषेत मागे गेला, थेट मोठ्या रस्त्यावर. "साक," बिराजदार म्हणाले. कन्नडमध्ये बा म्हणजे ये आणि साक म्हणजे पुरे. थांबला. वर युवराज म्हणतो, "येऊ का अण्णा?"

मला वाट मिळाली. पण ती कुरडयांच्या नावानं मिळाली. सभेत पोचलो तेव्हा माझं आभार प्रदर्शन दुसऱ्याच गृहस्थांनी करून टाकलं होतं आणि त्यात त्यांनी माझेही आभार मानले होते, 'अनुपस्थित असूनही' असं म्हणून.

घरी येऊन मी दुर्गाला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अण्णांना सांगायचं ना आधी. त्यांनी काढायला लावला असता."

त्या क्षणी मी ठरवलं, की हा टेम्पोवाला एक तर माझं ऐकेल, नाही तर गल्लीत येणार नाही.

ही गोष्ट मी फक्त दोघांना सांगितली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली. गल्लीच्या टोकाला शिकवणी घेणाऱ्या वैजयंतीताई म्हणाल्या, "साहेब, व्हिडिओ काढा आणि टाकून द्या." मी दुसऱ्या दिवशी काढला. त्यात तीन मिनिटं माझा अंगठा होता. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार जोतीराम म्हणाला, "चाकातली हवा सोडा की साहेब." मी त्याला विचारलं, हवा सोडल्यावर टेम्पो हलणार कसा? तो म्हणाला, "हां, ते बी हाय." सल्ला देणाऱ्याला एवढंच पुरतं.

मग दुर्गाच म्हणाली, "त्याच्याकडून आपण काही मागवतच नाही. अण्णांच्या मुलीची दर आठवड्याला पार्सलं येतात पुण्याहून. ओळख असल्यावर माणूस ऐकतो." मला पटलं. मी तीन आठवडे पार्सलं मागवली. नखं कापायचं यंत्र मागवलं, गुडघ्याचा पट्टा मागवला, अंडी उकडायचं भांडं मागवलं. आमच्याकडे अंडी खात नाहीत. त्यात सध्या बटाटे उकडतात, पण एका वेळी सहाच, आणि तेही लहान असले तर.

प्रत्येक वेळी मी फाटकाशी थंड पाण्याचा ग्लास घेऊन उभा. आणि युवराज म्हणायचा, "काका, ओटीपी सांगा. पानी नगं, आत्ताच अण्णाकडं ताक पिऊन आलो." मी ओटीपी सांगायचो आणि ग्लासातलं पाणी कुंडीत ओतायचो. त्या दिवसांत कुंड्या फार टवटवीत होत्या.

शेवटचा घाव गुडघ्याच्या दुसऱ्या पट्ट्यानं घातला. दुपारी माझा डोळा लागला होता, तर युवराजनं माझं पार्सल बिराजदारांकडे दिलं. माझ्या नावाचं, माझ्या पत्त्याचं! पाच वाजता बिराजदार ते घेऊन आले. "साहेब, तुम्ही झोपला होता. मी म्हटलं उठवू नको त्यांना." वर विचारलं, "गुडघा फार दुखतोय का?" माणसानं इतकं चांगलं असू नये.

त्या रात्री मी अर्ज लिहायला घेतला.

अर्ज लिहिणं ही माझी विद्या आहे. लोकांना वाटतं, अर्ज म्हणजे मागणी. चूक. अर्ज म्हणजे फटी बुजवणं. जिथं फट राहते तिथून फाइल परत येते. तेहतीस वर्षं मी फटी असलेले अर्ज पाहिले आणि परत पाठवले. माझ्या अर्जात फट राहणं शक्यच नव्हतं. मी लिहिलं: 'सबब, सदर गल्लीत तीन किंवा त्याहून अधिक चाकांचे कोणतेही मालवाहू वाहन, कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही वेळी, अपवाद न करता प्रवेश करू शकणार नाही अशी कायमस्वरूपी भौतिक व्यवस्था करण्यात यावी.' वाचून मला स्वतःलाच भरून आलं. दुर्गाला वाचून दाखवलं. ती झोपली होती.

रहिवाशांच्या सह्या हव्या होत्या. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी आहे, असं मी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. गल्लीत लहान मुलं होती. पहिली सही बिराजदारांनी केली. कागद वाचलासुद्धा नाही. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार साहेब," म्हणाले. मला थोडं कसंतरी झालं. पण सही घेतली.

महापालिकेच्या विभागीय कार्यालयात पहिल्या खिडकीवर म्हणाले, हा वाहतुकीचा विषय. वाहतुकीकडे म्हणाले, रस्त्यात काही रोवायचं तर तो बांधकामाचा विषय. बांधकामाकडे दिग्विजय नावाचा तरुण अभियंता होता. त्यानं अर्ज हातात घेतला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला आणि उभा राहिला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"साहेब, असा अर्ज आता कुणी लिहीत नाही," तो म्हणाला. "यात मला काही विचारायलाच उरलं नाही." आणि त्यानं मला खुर्ची दिली. सरकारी कार्यालयात मी उभं आयुष्य खुर्चीवर काढलं, पण कुणी दिलेली ही पहिलीच.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. माझं काम पाच आठवड्यांत झालं. तिथंच मला शंका यायला हवी होती. मेच्या पहिल्या आठवड्यात चार मजूर आले, आणि त्यांनी गल्लीच्या तोंडाशी तीन लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवले. मधून दुचाकी जाईल, माणूस जाईल. बाकी काही नाही. मी त्यांना चहा दिला. संध्याकाळी खांबांवरून हात फिरवून आलो. थंडगार लागले, म्हणजे उन्हानं तापले होते, पण मला थंडगार लागले.

दुसऱ्या दिवशी युवराज आला. खांबांपाशी थांबला. खाली उतरून त्यानं एका खांबाला लाथ मारली, पाय धरून दोन उड्या मारल्या. मी खिडकीतून पाहत होतो. आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात.

तो आनंद चार दिवस टिकला. युवराज आता जोतीरामच्या दुकानासमोर भर रस्त्यात टेम्पो आडवा लावून एकेकाला फोन करायचा आणि भर उन्हात लोक पार्सलं न्यायला चालत जायचे. एकट्या बिराजदारांचं पार्सल मात्र तो चालत आत आणून द्यायचा. म्हणजे एवढं सगळं करून मी बिराजदारांचं महत्त्व वाढवलंच होतं. पाचव्या दिवशी घंटागाडी आली आणि खांबांपाशी घंटा वाजवून निघून गेली. सातव्या दिवशी गॅसच्या टेम्पोवाल्यानं सिलिंडर कोपऱ्यावर उतरवले. वैजयंतीताईंनी त्यांचा सिलिंडर गडगडत घरी नेला, आणि तो माझ्या फाटकासमोरून मुद्दाम हळू नेला.

आणि मग मुख्य जलवाहिनी फुटली.

पाणी पाचव्या दिवशी आलं नाही. सातव्या दिवशी नाही. मी फळ्यावर 'अपेक्षित' लिहिलं, तर कुणीतरी त्याखाली लिहिलं, 'कोणत्या साली?' नवव्या दिवशी टँकर मागवला. टँकर आला आणि खांबांपुढे उभा राहिला. त्याचा पाइप तिसऱ्या घरापर्यंतही पोचेना. मागे बसगाड्या, रिक्षा, ट्रक अडकले. टँकरवाला खाली उतरून ओरडला, "ह्ये खांब कुणी रोवलं? कुटला शाना हाय त्यो?"

गल्लीतले सगळे घागरी, बादल्या, कळश्या घेऊन उभे होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "युवराजसारख्या उद्धट लोकांना आळा बसावा, हा उद्देश होता." तेव्हा दुर्गानं ते वाक्य बोलून टाकलं, जे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. तिच्या डोक्यावर रिकामी घागर होती, त्यामुळे आवाज जरा घुमला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बिराजदारांनी खाली पाहिलं. टँकरवाल्यानं जोतीरामच्या दुकानासमोर पाच घरांची भांडी कशीबशी भरली आणि "पुन्यांदा बोलावू नगा" म्हणून निघून गेला. टोकाच्या सहा घरांना थेंब मिळाला नाही. त्यातल्या दोन घरांत एकटी म्हातारी माणसं आहेत.

मी तसाच कार्यालयात गेलो. दिग्विजयनं पुन्हा खुर्ची दिली. मी म्हणालो, "निदान टँकरपुरता मधला खांब काढा."

त्यानं फाइल उघडली. "साहेब, 'कोणत्याही कारणास्तव, अपवाद न करता.' मी शोधलं, पण फटच नाही कुठं. वरिष्ठांनी हा अर्ज नमुना म्हणून सगळ्या शाखांना पाठवलाय." मग जरा ओशाळून म्हणाला, "नवा प्रस्ताव द्या. सह्या घेऊन. दोनेक महिन्यांत बघू."

सह्या! त्या गल्लीत तेव्हा मला कुणी पेन दिलं नसतं.

परत आलो तर बिराजदार माझ्या कंपाउंडबाहेर उभे होते. ड्रायव्हरच्या नजरेनं एकदा खांबांकडे, एकदा माझ्या मोठ्या रस्त्याच्या फाटकाकडे, एकदा गल्लीतल्या फाटकाकडे पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, टँकर नाही जाणार. पण तीनचाकी तुमच्या अंगणातून आरपार जाईल. ह्या फाटकातून आत, त्या फाटकातून गल्लीत. युवराजच्या काकांची कुंभारीला बोअर आहे. सकाळी पार्सलं उचलायच्या आधी तो टाकी भरून आणेल म्हणतो. तुमची हरकत नसेल तर."

माझ्या अर्जानं सार्वजनिक रस्ता बंद झाला होता आणि माझं खासगी अंगण सार्वजनिक रस्ता होणार होतं. मी मान हलवली. तेवीस कुंड्या बिराजदारांनी स्वतः, एकेक करून, आमच्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. एकही फुटली नाही. मी फुटण्याची वाट पाहत होतो, हे इथं नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या रस्त्याच्या फाटकाशी टेम्पो थांबला. मागे काळी टाकी, काठोकाठ भरलेली. हॉर्न नाही. युवराज खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या अंगनातनं गाडी घालू का?"

साहेब! आणि विचारून! वर्षभर मी ज्या एका वाक्यासाठी तळमळलो, अंडी उकडायचं भांडं घेतलं, लोखंड रोवलं, ते वाक्य माझ्या दारात हात जोडून उभं होतं.  मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "हरकत नाही. घाल."

"बरं झालं," तो म्हणाला. "अण्णा म्हनले, इचारल्याबिगर घालू नगं. साहेबांना इचार आदी. त्यास्नी बरं वाटतंय म्हनले."

टेम्पो आत गेला. मी फाटक धरून उभा राहिलो. मला मिळालेला मानसुद्धा बिराजदारांनी पाठवून दिला होता, त्या पार्सलासारखा.

तीन दिवस युवराज सकाळी दोन-दोन खेपा करत होता. दोन्ही वेळा विचारायचा, आणि दोन्ही वेळा मला बिराजदारांचा आवाज ऐकू यायचा. खेपा झाल्या की टेम्पो गल्लीत लावून समोर जायचा, आणि तिथून आवाज यायचा, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. मग भाकरी थापल्याचा आवाज, शेंगाचटणीचा वास, आणि युवराजचं हसणं. पाणी त्यानं सगळ्यांना दिलं, पण जेवायचा तिकडेच.

चौथा दिवस रविवारचा होता. मी दुर्गाला म्हणालो, "आज आमरस-पुरी कर."

"कुणासाठी?"

"युवराजसाठी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "कढई घासायला पाणी कुठाय?"

"तोच आणणार आहे."

तिला काय वाटलं कोण जाणे, पण तिनं आंबे काढले. त्या दिवशी पार्सलं नव्हती, म्हणून युवराजनं चार खेपा केल्या. शेवटची रिकामी टाकी घेऊन तो परत अंगणात आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो टेम्पो मागे घेऊन रस्त्यावर काढणार, एवढ्यात मी आडवा झालो. "राहू दे तिथंच. जेवून जा."

तो दचकला. "नगं साहेब, अण्णा वाट बगायल्यात."

"आमरस आहे," मी म्हणालो. माणसानं युद्धात शस्त्र लपवू नये.

तो बसला. पत्रावळीवर पुऱ्या वाढल्या. चार पुऱ्यांनंतर त्याचा संकोच गेला, आणि मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. "का रे, बिराजदारांनी हात केला की टेम्पो मागे घेतोस. मी हॉर्न वाजवला तर दोन मिनिटं म्हणतोस. का?"

तो मान खाली घालून पुरी कुस्करत राहिला.

"साहेब, खरं सांगू का? मला गाडी मागं घ्यायला येत न्हाय."

"काय?"

"म्होरं झकास जातो. मागं म्हनलं की भिंतच दिसती. नवीन होतो तवा एका कंपाउंडला लावली, मालकानं लई मारलं. तवापास्नं कुणी मागं उभारून होरन मारलं की हातपाय गळत्यात माजं. मग तोंडाला येईल ते बोलतो, म्हंजे लोकांना कळत न्हाय. अण्णांनी पयल्याच दिवशी वळखलं. म्हनले, माज्या हाताकडं बग, भिंतीकडं बगू नगं. आता थोडं थोडं यायलंय." मग दुर्गाकडे पाहून म्हणाला, "काकी, रस लई ब्येस झालाय की."

 ज्याला मी वर्षभर माज समजलो, ती त्याची भीती होती. बिराजदारांना ते पहिल्या दिवशी दिसलं. मला फक्त लायसन्स पाहायचं होतं. वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. आणि त्याच्या खालोखाल, लगेच, हेही वाटलं की तो माझ्या घरात जेवतोय. तिकडे नाही. इकडे.

एवढ्यात गल्लीतल्या फाटकावर टकटक झाली. टेम्पो अंगणात असा लागला होता, की ते फाटक आत उघडायला वीतभरही जागा नव्हती. मी टेम्पोच्या आणि भिंतीच्या मधून अंग चोरून गेलो. पलीकडे बिराजदार उभे होते. हातात ताट, वर फडकं झाकलेलं. कपाळावर घाम.

"युवराज कुठं गेला साहेब? भाकरी गार व्हायलीय."

"जेवतोय."

"जेवतोय? तुमच्याकडं?"

"आमरस होता," मी म्हणालो.

 बिराजदारांनी टाचा उंच करून टेम्पोच्या कडेनं आत पाहिलं. आतून युवराज दुर्गाला कसलीतरी गंमत सांगत होता आणि दोघं हसत होते. बिराजदारांनी ताटावरचं फडकं सारखं केलं, ते आधीच सारखं होतं.

"रोज माझ्याकडंच जेवतो तो," ते म्हणाले. "आज सांगितलं पण नाही."

तो आवाज मी ताबडतोब ओळखला. अख्ख्या सोलापुरात त्या आवाजाचा माझ्याइतका जाणकार दुसरा कुणी नसेल. गेलं वर्षभर तो माझ्याच घशात होता. मला वाटलं, पुढे व्हावं, त्यांच्या हातातलं ताट घ्यावं, भाकरी आणि आमरस एकत्र वाढावं, या अण्णा म्हणावं.

"साहेब," बिराजदार म्हणाले, "त्याला टेम्पो जरा मागं घ्यायला सांगता का? मला आत येता येईना."

"जेवण होऊ द्या त्याचं," मी म्हणालो, आणि आणखी दोन पुऱ्या वाढायला आत गेलो.